रिंगा बसेपर्यंत : कोल्हापूर, मालवण, आंबोली आणि परत

आण्णांची बुलेट १९८६ची. बिडाचं इंजिन, ३४६ सीसी, गिअर उजव्या पायाला, एक वर आणि तीन खाली. गेल्या पावसाळ्यात तिनं निळा धूर सोडायला सुरुवात केली. आधी फक्त सकाळच्या पहिल्या किकला, मग उतार संपून पुन्हा ॲक्सिलेटर दिला की, आणि दिवाळीनंतर कायमचाच. किकही मऊ लागायला लागली. पूर्वी पाय ठेवला की खालून कोणीतरी अडवल्यासारखं वाटायचं, ते गेलं होतं.

उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींनी हेड उतरवलं आणि माझं बोट धरून ब्लॉकच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याच्या आत, वरच्या काठाखाली फिरवलं. नखाला एक पायरी लागली. “पिस्टन हितवर येतोय आन् परत फिरतोय. हितंच सगळ्यात जास्त खाल्लंय बघ.” पायरीच्या वर मूळचं बीड, खाली झिजलेलं.

बोअर मारून, म्हणजे ब्लॉकची आतली भिंत कापून, सत्तर मिलिमीटरचा व्यास साडेसत्तर झाला. अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन, त्याच्याभोवतीच्या नव्या रिंगा, त्याला दांड्याशी जोडणारी नवी गजनपिन, दोन्ही व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवलेले. होनिंग झालेला, म्हणजे आतून दगडानं घासलेला, ब्लॉक मी दारात उजेडाकडे धरून पाहिला. आतल्या भिंतीवर बारीक तिरक्या रेषा एकमेकींना छेदत गेलेल्या, चाळणीच्या जाळीसारख्या. ही भिंत मुद्दामच आरशासारखी गुळगुळीत ठेवत नाहीत. रेषांच्या खाचांत ऑइल टिकतं, आणि त्यांच्या धारांवर घासत घासत रिंग आपला गोलावा ब्लॉकच्या गोलाव्याशी जुळवून घेते. याला गॅरेजात ‘रिंगा बसणं’ म्हणतात. ते एकदाच होतं आणि पहिल्या काही शे किलोमीटरमध्येच होतं.

इथेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर जाऊच नका. दुसरा म्हणतो, पहिल्या दिवसापासून पिळा. मला दोन्ही पटत नाहीत. जळलेला वायू रिंगेच्या मागे खाचेत शिरतो आणि तिला भिंतीवर दाबतो, म्हणजे रिंग बसायला इंजिनावर काम पडावंच लागतं. नुसतं कुरवाळत चालवलं तर रेषांच्या धारा दाबाशिवाय बोथट होतात, भिंतीला काचेसारखी चकाकी येते, आणि मग ती गाडी पुढचा बोअर मारेपर्यंत ऑइल खात राहते. पण पिळणंही चालत नाही. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापला की बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतो. नव्या ब्लॉकमध्ये दोघांच्या मधली फट माणसाच्या केसाएवढी. ती संपली की पिस्टन आवळला, म्हणजे ब्लॉकमध्ये अडकून बसला.

मिस्त्रींनी हे सगळं एका वाक्यात बसवलं. “जोर दे पोरी, पर धरून ठिवू नगंस. द्यायचा, सोडायचा. द्यायचा, सोडायचा.”

म्हणून रस्ता इंजिनासाठी निवडला. चौपदरी हायवेवर एकाच वेगानं, एकाच ॲक्सिलेटरवर तासभर जाणं नव्या रिंगांसाठी सगळ्यात वाईट. मला चढ-उतार हवा होता, वळणं हवी होती, सारखा गिअर बदलायला लावणारा रस्ता हवा होता. फोंडा घाटानं उतरायचं, आंबोलीनं चढायचं. जानेवारी असल्यामुळे हवाही गार.

निघण्याआधीचा दिवस, ३८ किलोमीटर

पहिली किक मारण्याआधी मिस्त्रींनी प्लग काढून ठेवला आणि नुसत्याच वीस-पंचवीस किका मारायला लावल्या. मग रॉकरकडे जाणाऱ्या ऑइलच्या बारीक पाइपचा बोल्ट अर्धा आटा ढिला केला. आणखी दहा किका. बोल्टच्या कडेला एक थेंब फुगला, सोनेरी, आणि फिनवरून, इंजिन गार ठेवणाऱ्या पात्यांवरून, ओघळला. “आलं,” म्हणाले, आणि बोल्ट आवळला. ऑइल डोक्यापर्यंत चढल्याची खात्री झाल्याशिवाय त्यांनी प्लग लावू दिला नाही. ऑइल साधं मिनरल, २०डब्ल्यू५०. महागडं सिंथेटिक इतकं निसरडं असतं की रिंगा बसायला वेळ लागतो, असं त्यांचं मत.

सुरू झाल्यावर समोर टेबल फॅन लावून तीन मिनिटं, मग बंद. ब्लॉकला हात लावून धरता येईल इतका गार झाल्यावर पुन्हा पाच मिनिटं. असं तीनदा. जागेवर उभी ठेवून फार वेळ चालवायची नाही, कारण वारा नसतो आणि दाबही नसतो. संध्याकाळी रंकाळ्याला दोन फेऱ्या मारल्या, शिवाजी विद्यापीठाकडे चढ चढून आले, आणि मधे दोनदा थांबून गाडी गार केली. आण्णा गॅलरीत बसून आवाज ऐकत होते. फेरी संपवून आले की एवढंच विचारायचे, “टॅपेट वाजतंय का?”

दिवस पहिला : कोल्हापूर ते मालवण

सकाळी आठला निघाले. जोर आणि सोड म्हणजे नेमकं काय ते राधानगरी रस्त्यावर लगेच कळलं, कारण गळिताचा हंगाम होता. परित्यापर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि रस्त्यावर पडलेली चिपाडं. ट्रॅक्टरमागे तिसऱ्या गिअरवर तीस, जागा मिळाली की अर्धा ॲक्सिलेटर देऊन पंचेचाळीस-पन्नास, पुढे गेलं की पूर्ण सोडायचा. एरवी ज्या रांगेचा त्रास झाला असता, तिनं त्या दिवशी माझं काम सोपं केलं.

सोडण्यालाही तितकाच अर्थ आहे, हे सांगायला हवं. ॲक्सिलेटर बंद करून गाडी गिअरमध्येच पळत राहिली की पिस्टनच्या वर पोकळी तयार होते आणि ती खालचं ऑइल रिंगांपर्यंत ओढून घेते. गारवाही मिळतो आणि घासून निघालेला बारीक चुराही धुतला जातो. म्हणून उतारावर न्यूट्रल करायचं नाही.

आणखी एक सवय लावून घेतली होती: डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. पिस्टन आवळायला लागला तर मागचं चाक धरण्याआधी क्लच दाबायला जेमतेम क्षणभर मिळतो.

राधानगरीला गाडी गार करायला अर्धा तास थांबले. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण, भोगावतीवरचं, पाण्याच्या दाबानं आपोआप उघडणाऱ्या दरवाज्यांचं. जानेवारीत दरवाजे बंद आणि पाणी निश्चल. मी पाठ फिरवून गाडीपाशीच बसले होते, कारण फिनमधून येणारा ‘टिक् टिक्’ असा गार होण्याचा आवाज ऐकायचा होता. बीड हळू तापतं आणि हळूच निवतं. वीस मिनिटांनीही वरच्या फिनवर बोट टेकवत नव्हतं.

दाजीपूरच्या जंगलात गवा दिसला नाही. सावली, ओली माती आणि इंजिनाचा आवाज दोन्ही बाजूंच्या झाडांवरून परत येत होता. या आवाजात काय चुकीचं आहे ते ऐकण्यासाठी याहून चांगली जागा नाही. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉडखालच्या दट्ट्याचा, हलका ‘टक टक’ होता, तो बुलेटला असावाच. खडखड नव्हती.

फोंडा घाट पूर्ण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरले. खाली हवा एकदम दमट आणि उबदार. कणकवली, कसाल, कट्टा, आणि साडेतीनला मालवण. वहीत १५६ किलोमीटर लिहिले. लॉजवाल्या काकूंनी बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला. जेवून आल्यावर टॉर्च लावून सगळे नट तपासले: इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट, सायलेन्सर, कार्बोरेटर. नव्यानं जोडलेल्या इंजिनाच्या थरथरीनं नट पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरमध्येच ढिले होतात. सायलेन्सरचा एक पाव आटा फिरला. कार्बोरेटर ज्या दोन नटांवर बसतो त्यातला आतला नट हेडच्या फिनआड आहे. माझ्याजवळच्या पान्याला तिथे वळायला जागा नव्हती. बाहेरचा घट्ट होता, म्हणून आतलाही असेल असं धरलं आणि झोपले.

दिवस दुसरा : मालवण, वेंगुर्ला, आंबोली

सकाळचा रस्ता सुंदर. चौके, नेरूरपारचा कर्लीवरचा पूल, परुळे, म्हापण. माड, काजू, लाल मातीचे कट्टे आणि दर दोन किलोमीटरला एक चढ. किनाऱ्याजवळचा हा रस्ता सपाट असेल असं नकाशावर वाटतं, पण तो सड्यावर चढतो आणि खाडीला उतरतो, सारखा. यासाठीच हायवे सोडला होता. इंजिन कालच्यापेक्षा मोकळं वाटत होतं. तिसऱ्या गिअरवर काल जो चढ धापा टाकत गेला असता तो आज सहज गेला.

वेंगुर्ल्याच्या आधीच्या उतारावर सायलेन्सरमध्ये दोन-तीन फटाके वाजले. चहाला थांबले तेव्हा गाडी जागेवर थोडी जास्त फिरतेय असंही वाटलं. सायलेन्सरचं गॅस्केट नवीन आहे, बसत असेल, अशी समजूत करून घेतली. ही दोन लक्षणं एकत्र आली की काय शोधायचं, ते मला माहीत होतं. मी शोधलं नाही.

सावंतवाडीला मोती तलावाच्या काठावर तासभर गाडी गार होऊ दिली आणि दीडला दाणोलीकडे निघाले. आंबोलीचा घाट म्हणजे पायथ्यापासून जवळपास ६९० मीटरपर्यंत सलग चढ. मी ठरवलं होतं, पाच किलोमीटर चढायचं, दहा मिनिटं थांबायचं. तीन किलोमीटरवर जांभा भरलेला ट्रक पुढे आला. वळणं अशी की ओलांडता येईना. दुसऱ्या गिअरवर, वीसच्या वेगानं, ॲक्सिलेटर जवळजवळ अर्धा उघडा, आणि समोरून वाऱ्याऐवजी ट्रकचा धूर. जोर होता, सोड नव्हती.

आवाज आधी बदलला. ‘धग धग’ मधला मोकळेपणा गेला आणि तो भरीव, बसका झाला. मग गाडी अंग चोरल्यासारखी मागे ओढायला लागली, मी ॲक्सिलेटर तेवढाच धरलेला असताना. एक बारीक ‘चिक’. तेवढ्यात बोटांनी क्लच दाबला होता. इंजिन लगेच बंद पडलं. चढ असल्यामुळे गाडी दोन हातांत थांबली, मी ती कठड्याला लावली.

पोटात खड्डा पडला. किक मारून पाहायचा मोह आवरला, कारण आवळलेला पिस्टन जबरदस्तीनं हलवला की रिंग ओरखडे ओढते आणि ते कायमचे राहतात. पाणीही ओतायचं नसतं, बीड तडकतं. करायचं ते एकच, वाट पाहायची. शेजारच्या वळणावर शहाळी घेऊन बसलेले एक आजोबा उठून आले. “गाडी तापली मां? बस वायच. थंड होवंदे.” त्यांनी शहाळं फोडून हातात दिलं आणि गाडीकडे पाहत माझ्याइतकेच गप्प उभे राहिले.

पन्नास मिनिटांनी ब्लॉकला हात लावून धरता आला. डीकॉम्प्रेसर, म्हणजे पिस्टनवरचा दाब सोडणारा खटका, ओढून हातानंच किक खाली दाबली. गेली. कुठेही न अडखळता गेली. मी ती चार-पाचदा दाबली.

मग प्लग काढला. टोकाचं पोर्सेलिन चुन्यासारखं पांढरं. म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, आणि अशा मिश्रणावर इंजिन भयंकर तापतं. मिस्त्रींना फोन लावला. त्यांनी ट्रकचं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आतला नट बघितलास?” मी गप्प. “बोटानं बघ.” बोट घातलं. नट बोटानं फिरला.

कार्बोरेटर आणि हेडच्या मधून इंजिन बाहेरची हवा ओढत होतं. वेंगुर्ल्याचे फटाके तेच सांगत होते, वाढलेला आयडलही तेच. आजोबांनी घाटातल्या एका टेम्पोवाल्याला थांबवलं, त्याच्याकडे आखूड वाकडा पाना मिळाला, नट आवळला. गाडी सुरू करून जोडावर ऑइलचे दोन थेंब सोडले. फट राहिली असती तर थेंब आत ओढला जाऊन आवाज बदलला असता. बदलला नाही. आयडल पहिल्यासारखा खाली आला होता. आजोबांनी शहाळ्याचे पैसे घेतले नाहीत.

उरलेला घाट चार टप्प्यांत चढले. ट्रक दिसला की थांबून त्याला पुढे जाऊ द्यायचं. वर पोचले तेव्हा सूर्य कोकणाकडे उतरला होता आणि धुकं दरीतून वर यायला लागलं होतं. मी ते पाहिलं खरं, पण सगळं लक्ष आवाजात. १०९ किलोमीटर.

दिवस तिसरा : आंबोली ते कोल्हापूर

रात्रभर गार झालेलं इंजिन हे टॅपेट तपासायला सगळ्यात योग्य. सकाळी सातला, बोटं गारठलेली असताना, उजव्या बाजूचं टॅपेटचं झाकण उघडलं. पिस्टन कॉम्प्रेशनवर अगदी वर आणला. आत व्हॉल्व्ह उघडणारे दोन पुशरॉड उभे. नियम सोपा आहे: रॉड दोन बोटांत धरून फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. इनलेटचा फिरला. एक्झॉस्टचा फिरेना. नव्यानं घासलेला व्हॉल्व्ह सीटवर आणखी थोडा बसला की त्याची दांडी वर सरकते आणि रॉडची मोकळीक खाऊन टाकते. तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि त्याची कड जळते. दोन पाने रॉडवर, एक लॉकनटवर, श्वास रोखून आठवा हिस्सा आटा. पुन्हा बोटांत धरला. थंड तेलातून जाणवेल न जाणवेल असा फिरला. आण्णांनी मला हे दहावीच्या सुट्टीत शिकवलं होतं, डोळे मिटून. डोळे उघडे असले की माणूस बोटांकडे लक्ष देत नाही, असं ते म्हणतात.

नंतरचा दिवस शांत गेला. आजऱ्यापर्यंत रस्ता हलक्या चढउताराचा, दोन्ही बाजूंना घनसाळ भाताची कापून मोकळी झालेली खाचरं. पंचावन्नपर्यंत न्यायला लागले, दहा-बारा सेकंद, आणि सोड. गडहिंग्लजला शेंगा घेतल्या आणि प्लग पुन्हा काढून पाहिला. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा रंग. तो प्लग मी हातात धरून बराच वेळ बसले.

संकेश्वरपासून हायवेला पर्याय नव्हता. तिथे मुद्दाम वेग कमी-जास्त करत राहिले, पंचेचाळीस ते साठच्या मधे, अगदी डावीकडून. तवंदी घाट उतरताना ॲक्सिलेटर पूर्ण बंद करून आरशात पाहिलं. खाली आल्यावर जोर दिला आणि पुन्हा आरशात पाहिलं. निळं काही नव्हतं. निपाणी, कागल, आणि चारला घरी. १३८.

दिवस चौथा : पन्हाळा आणि गॅरेज

पाचशेला थोडे कमी होते, म्हणून सकाळी पन्हाळा करून आले. वाघबिळाचा चढ तिसऱ्या गिअरवर गेला आणि आवाज बसला नाही.

मिस्त्रींनी गरम गाडीचंच ऑइल काढलं. पत्र्याच्या घमेल्यात ते काळपट धारेनं पडलं, आणि उन्हात हलवल्यावर त्यात चांदीच्या भुकटीसारखी चमक दिसली. दोन बोटांत घेऊन त्यांनी ते चोळलं, बोटं उजेडाला धरली. “पीठ हाय, खडा न्हाई.” बीड आणि रिंगा घासल्याचा हा चुरा, तो निघायलाच हवा. पिस्टनची खपली असती तर ॲल्युमिनियमचे मऊ पांढरे तुकडे सापडले असते. फिल्टर उघडून तेही पाहिलं. नव्हते. आंबोलीत आवळला होता तो वेळेवर सुटला होता. फिल्टर बदलला, नवीन ऑइल भरलं, तेही मिनरल. पूर्ण गार झाल्यावर, संध्याकाळी, हेडचे नट आडवे-तिडवे क्रमानं आवळले. त्यातले दोन थोडे फिरले.

आतला नट त्यांनी स्वतः तपासला आणि तो वाकडा आखूड पाना माझ्या टूलकिटमध्ये टाकला. “हजारापातूर साठ. मग बघू.”

घरी आल्यावर आण्णा खाली उतरले. गुडघ्यांमुळे ते आता किक मारत नाहीत. त्यांनी कॉम्प्रेशन शोधलं, उजवा पाय किकवर ठेवला आणि गाडीला धरून सगळं वजन त्या पायावर टाकून उभे राहिले. ऑक्टोबरात किक अशी धरून ठेवायची नाही, पाय ठेवला की खाली. आता खाली जाईना. आण्णा तसेच उभे, एक, दोन, तीन, चार. मग आतून एक बारीक सुस्कारा आला आणि किक हळूहळू उतरली.